हैबतरावांच्या नावाची सोय

'शततारका' यानाच्या नियंत्रण कक्षात कप्तान हैबतराव मोहोळकर डोक्याला हात लावून बसले होते. यान विकिरणपट्ट्यात शिरलं होतं आणि तिथल्या कणांच्या माऱ्याने सगळ्या यंत्रस्मृती पुसल्या जात होत्या. ग्रंथालय कोरं झालं, घड्याळं बेताल झाली. आणि जिव्हारी लागलं ते हे, की कप्तानांच्या पराक्रमाचं अकरा खंडांचं ध्वनिचित्रण साफ धुऊन निघालं. पट्टा पार व्हायला दोन पिढ्या लागणार होत्या.

"म्हणजे यान इथवर मी आणलं, हे पुढे कुणाला कळायचंच नाही?" त्यांनी विचारलं.

समोर बसलेल्या डॉ. मृण्मयी केळुसकर कीर्तिशास्त्रज्ञ होत्या. जुन्या काळी माणसं प्रसिद्ध कशी होत, हा त्यांचा विषय. "अहो कप्तान, तेव्हा कुठे होत्या यंत्रस्मृती? तरी नावं राहिलीच ना?"

"शिलालेख! आजच कोरून घेतो."

घेतला की! जेवणघराच्या भिंतीवर, चांगल्या हातभर अक्षरांत. आठवड्यात लोक त्याच्या खाचांना ओले पंचे अडकवू लागले. मग नाणी पाडली, ती पोरांनी खेळात हरवली. भाट नेमला, तर त्याने तोंड उघडलं की लोकांना एकदम कामं आठवायची.

"दगड राहतो, वाचणारा जातो," बाई म्हणाल्या. "भाट पोसाल तोवर गातो. टिकतं ते राबणाऱ्याच्या तोंडचं. जात्यावर, मोटेवर हात गुंतलेले आणि तोंड मोकळं. मोटकरी गाण्यावरच मोटा मोजायचा. नावाला कामाला लावा, कप्तान. बसून खाणारं नाव जगत नाही."

पाणी शुद्ध करणारा पंप आता हातानेच मारावा लागे. कमी मारला की पाणी कडू, जास्त मारला की गाळणी फाटलीच म्हणून समजा. बाईंनी नेमक्या एका हंड्याच्या मापाचं गाणं रचलं: 'हैबतराव मोठे शूर, यान नेलं दूर दूर.' लोकांनी ते हां हां म्हणता उचललं. पाण्यावाचून कुणाचं चालतंय? कप्तान रोज पंपावर चक्कर मारायचे आणि फुलून परत यायचे.

वर्षं गेली. नवा कप्तान आला, हैबतराव काठी टेकत हिंडू लागले. पंपावरचं गाणं हातांनी झिजवत आणलं. 'शूर' गळालं, 'यान' गळालं. दांडा ओढताना 'हैऽ', सोडताना 'बत', एवढंच उरलं, पण मोजणी त्याच्यावरच चाले.

एके दिवशी पंपाशी एक चिमुरडी आईला सांगत होती, "आई, एक हैबत झाला, अजून दोन हैबत मार."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कृतार्थ झालो, त्यांना वाटलं. ते वाकून म्हणाले, "बाळ, हैबतराव म्हणजे मीच बरं का!"

पोरीने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि तिला भारीच कीव आली.

"अय्या, आजोबा! तुमच्या आईला दुसरं नावच सुचलं नाही? पाण्याच्या मापावरून ठेवलं?"