कापशा उंबरठा का ओलांडतो?

"पकडा! पकडा त्याला! बिबड्यांवर चालला!"

मेघा ओरडली खरी, पण उशीर झाला होता. लाटणं घेऊन मागे लागलेल्या आईला चुकवत कापशा स्वयंपाकघरातून सुसाट निघाला. मागच्या अंगणात ज्वारीची बिबडी, म्हणजे पापड, वाळत घातले होते. त्या ओल्या बिबड्यांवर पावलांचे ठसे उमटवत स्वारी थेट पेरूच्या झाडामागे!

पंधरा दिवसांपूर्वी आजोबांच्या, म्हणजे नानांच्या शेतावरून पिंप्राळ्याच्या घरी आलेलं हे कापसासारखं पांढरं कुत्र्याचं पिल्लू. मेघाचा जीव की प्राण! पण आज नाना भडकले होते. ते मूळचे शिरपूरकडचे, चिडले की अहिराणीतच बोलत.

"रविवारले भाईदास ई राह्यना जीप लई! तवलोंग हाई पिल्लू उंबराबाहेर नही राह्यनं, ते गयं परत वावरमा!"

मेघाने बोटांवर दिवस मोजले: रविवारी भाईदासकाका जीप घेऊन येणार, तोवर कापशा उंबऱ्याबाहेर राहायला शिकला नाही, तर ते त्याला परत शेतावर नेणार. आज गुरुवार. हातात जेमतेम तीन दिवस!

दुपारी पेरूखाली सभा भरली. मेघा, तिचा धाकटा भाऊ भूपेंद्र आणि शेजारची भावंडं रेहान व कहकशा. कापशाच्या शिस्तीचा तक्ता कहकशानेच करून फ्रिजवर लावला होता. दोन वेळा जेवण, तेही स्वतःच्याच ताटलीत. स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडायचा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा.

"आमची शेळी चार दिवसांत शिकली. हा तर तिच्यापेक्षा हुशार आहे," कहकशा म्हणाली.

"मग शिकत का नाही?" भूपेंद्र रडकुंडीला आला होता.

"शिकलाय की! सकाळी उंबऱ्याबाहेर शहाण्यासारखा बसतो, संध्याकाळीही बसतो. फक्त दुपारी साडेअकराला आत पळतो," रेहान म्हणाला. "रोज साडेअकरालाच! विचित्र नाही वाटत?"

मेघाने कापशाला मांडीवर घेतलं. त्याच्या मिशीला काहीतरी चिकटलं होतं. काळसर, करड्या रंगाचा तुकडा! तिने तो हुंगला आणि तिचे डोळे विस्फारले.

"अरे, ही तर कळण्याची भाकरी! उडीद-ज्वारीची! आम्ही सगळे पोळ्या खातो. कळण्याची भाकरी घरात एकच माणूस खातं."

"नाना?" भूपेंद्र किंचाळला. "शक्यच नाही! मुदत तर त्यांनीच दिली!"

"हळू बोल!" मेघाने त्याचं तोंड दाबलं. नाना साडेअकराला, सगळ्यांच्या आधी एकटे जेवत, स्वयंपाकघरात पाटावर बसून. आईची पाठ तेव्हा त्यांच्याकडे असे.

"सरळ विचारूया?" रेहान म्हणाला.

"आणि ओरडा खाऊया?" मेघा हसली. "नको. आपण पाटालाच विचारू!"

दुसऱ्या दिवशी साडेअकराला नाना हात धुवायला मोरीत गेले आणि कापशा ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात घुसून पाटाशेजारी बसला. "बघा, पुन्हा आला!" आई लाटणं शोधू लागली.

"थांब आई, एक गंमत बघ!" मेघाने पाट उचलला आणि अंगणात नेऊन मांडला. कापशा शेपूट हलवत पाटामागोमाग उंबरठ्याबाहेर! पाटाशेजारी बसून त्याने मान वर केली आणि दारात आलेल्या नानांच्या उजव्या हाताकडे टक लावून पाहू लागला.

आईने नानांकडे पाहिलं. मुलांनी नानांकडे पाहिलं.

"बठ्ठा मनाकडे काय देखी राह्यनात?" नाना गडबडले. "मी त्याले खावाले नही देत! तो ते गायना घास शे!"

"गाईचा घास कुत्र्याला?" भूपेंद्रला राहवेना.

नाना पाटावर टेकले. त्यांचा आवाज एकदम हळू झाला. "गावाला चंद्री गाय होती. तिचा घास काढल्याशिवाय मी कधी जेवलो नाही. इथे आलो, तर कॉलनीत गायच नाही! सहा महिने घास ताटाच्या कडेला सुकायचा, जेवण घशाखाली उतरायचं नाही. मग या पोरानं तोंड पुढे केलं. फार उपकार झाले त्याचे. मला वाटायचं, हा माझा नेम. याला काही खायला घालणं म्हणत नाहीत."

मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं. नानांना पकडायला निघालेली ती, आता त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

"नाना, घास काढा की रोज," कहकशा पटकन म्हणाली. "फक्त तो बाहेर, त्याच्या ताटलीत ठेवा. तुमचंही होईल, त्याचंही!"

रविवारी भाईदासकाकांची जीप दारात थांबली. साडेअकरा वाजले. मेघाने श्वास रोखला. कापशा उंबरठ्यापर्यंत आला, आत डोकावला... आणि बाहेरच बसला! नाना गुडघे धरत उठले, अंगणात गेले आणि भाकरीचा घास त्यांनी स्वतः कापशाच्या ताटलीत ठेवला.

"काय नाना, नेऊ ना पिल्लू?" काकांनी विचारलं.

"बिबडी ली जाय!" नाना गरजले. "कापशा आठेच राही!"

मग मुलांकडे वळून त्यांनी चौघांच्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरांनो, शिस्त मोडणारा मी होतो आणि शिक्षा त्याला देत होतो. बरं झालं, तुम्ही वेळेवर डोळे उघडलेत."

दुसऱ्या दिवशी चौघं मुलं नानांच्या पंगतीला अंगणातच जेवायला बसली. कळण्याची भाकरी सगळ्यांना हवी होती, पण नानांनी पहिला घास काढेपर्यंत कुणी ताटाला हात लावला नाही.