हाकललेला दीर

नर्मदेने दिराची ट्रंक दोन्ही हातांनी उचलली, माजघर ओलांडलं, ओटी ओलांडली आणि भर खळ्यात, सासूच्या डोळ्यांदेखत, तुळशीपाशी नेऊन ठेवली... आणि ज्या बाईचा आवाज मिठबावात कधी शेजारच्या कुंपणापलीकडे गेला नव्हता, ती साऱ्या वाडीला ऐकू जाईल अशा स्वरात म्हणाली, "गुरुदास, ह्या घरात बसून खाणाऱ्याक जागा नाय. आज देवगडाक बोट लागता. तुका खंय जावचा थंय जा."

राधाबाई कोकमाची सोलं वाळत घालत होत्या, त्यांचे हात तिथल्या तिथे थांबले. ओटीवर शिळं वर्तमानपत्र घेऊन बसलेला गुरुदास उठून उभा राहिला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा शिकलेला मुलगा, पण त्या क्षणी त्याचा चेहरा असा झाला की जत्रेत चुकलेलं पोर बरं!

"वयनी, तू माका हाकलतंस?"

"हाकलतंय."

"शेवटी परक्या घरची ती परक्या घरचीच," तो दात आवळून म्हणाला.

आणि राधाबाई? त्यांनी तर जिभेला हाडच ठेवलं नाही. "माझ्या झिलाक घराभायर काढतंस? वांझ कूस तुझी, तुका माया खंयसून कळतली?"

नर्मदेचं काळीज चरकलं... धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं! पण ती हलली नाही. पदर कमरेला खोचून तशीच ताठ उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले होते आणि अंतःकरण मात्र आतल्या आत आक्रोशत होतं, जा रे बाबू, आता मागे वळून बघू नको, तुझ्या डोळ्यांत पाणी दिसलं तर मीच ती ट्रंक उचलून घरात आणीन... आणि मग सगळंच बुडालं!

गुरुदासने ट्रंक खांद्यावर घेतली आणि तो खरंच मागे न बघता गेला.

आता तुम्ही म्हणाल, काय कैदाशीण बाई! वाडीही हेच म्हणाली, अगदी पुढची पाच-सहा वर्षं म्हणत राहिली. लोकांचं काय हो, बोलायला भाडं थोडंच पडतं? पण खरी गोष्ट निराळी होती, आणि ती ठाऊक असलेली माणसं तेव्हा जगात दोनच होती, एक नर्मदा स्वतः आणि दुसरा तिचा नवरा हरिश्चंद्र.

नर्मदा लग्न होऊन या घरात आली तेव्हा गुरुदास तिच्या कमरेएवढा होता. सासू दीर्घ आजारातून उठलेली, सासरे नाहीत, हरिश्चंद्र नारळ-काथ्याच्या व्यापारात दिवसभर बाहेर. पेज कोणी भरवली? शाळेत कोणी पोचवलं? देवी आल्या तेव्हा उशाशी कोण बसून राहिलं? त्या वात्सल्याचा हिशेब कोणी मांडला नाही, तिनेही नाही. पोर हुशार निघालं. मधली काही वर्षं गोव्यात पेडण्याला मामाकडे राहून तिथल्या शाळेत पोर्तुगीज बोलायला शिकलं, मग मुंबईला कॉलेज, आणि मग थेट दिल्ली! तिथे तो आंतरराष्ट्रीय राजकारण शिकला. या शब्दाने मिठबावची मोठी पंचाईत केली.

"झील वकील झालो काय?" लोक राधाबाईंना विचारत.

"नाय."

"मगे डॉक्टर?"

"नाय रे. तो जगाचा शिकता."

"जगाचा शिकान नोकरी खंय गावता?"

आणि खरी मेख तिथेच होती. गुरुदासला परराष्ट्र खात्यात जायचं होतं, एक दिवस राजदूत व्हायचं होतं. लेखी परीक्षेत तो दोनदा उत्तीर्ण झाला आणि दोन्ही वेळा मुलाखतीत पडला. तेवढ्यात परीक्षेला बसायचं वय उलटून गेलं. विसाव्याला म्हणून घरी आला तो आलाच! राधाबाईंनी त्याला आपल्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घातली, "माझ्या डोळ्यांसमोरसून हललंस तर माझा मेल्ला तोंड बघशीत." लेकाने शपथ घेतली. आईची माया खरी होती, नाही कोण म्हणतो? पण गुरुदास त्या शपथेच्या आड लपला होता. पुन्हा कुणी ‘नाही’ म्हणेल या भयाने त्याचं मन पोखरून टाकलं होतं, आणि आईची शपथ ही मोठी सोयीची भिंत होती.

मग काय, सकाळी शिळं वर्तमानपत्र आणि दुपारी माडावर चढणाऱ्या परशुरामाला सुवेझ कालव्याचं राजकारण! परशुराम बिचारा कोयता बाजूला ठेवून ऐकायचा आणि शेवटी विचारायचा, "ता सगळा खरा, पण तो कालवो आमच्या खाडयेपेक्षा रुंद आसा काय?"

नर्मदेने आधी गोडीने विचारून पाहिलं होतं. एकदा चुलीपुढे भाकरी थापता थापता ती म्हणाली, "बाबू, राजदुताच्या कचेरीत झाडू मारणारो पण आसतलो मां रे? त्या झाडूवाल्यापासून राजदुतापर्यंत मधी कोण कोण आसता ता माका सांग बघू."

गुरुदास हसला, पण सांगत गेला. वर्तमानपत्रात परदेशच्या बातम्यांचं पान लावणारे, कात्रणं कापून ठेवणारे, परदेशी वकिलातींतले कारकून, दुभाषी, बोटीच्या कंपन्यांत देशोदेशीचा पत्रव्यवहार बघणारे, ग्रंथालयांत बसून अहवाल लिहिणारे...

"मगे ह्यातला एखादा कित्याक नको?"

"दिल्लीत शिकान कात्रणा कापू, वयनी? लोक हसतील."

"हसांदेत. दात त्यांचे."

तो उठून गेला. नंतर तिने कितीदा तरी विषय काढला आणि तो कितीदा तरी उठून गेला. इकडे राधाबाईंनी गावातल्याच भातगिरणीतली एक लिहिण्याची जागा धरून ठेवली आणि कणकवलीकडची एक मुलगीही बघून ठेवली. तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा! मुलीत खोट नव्हती, गिरणीतही नव्हती. पण एकदा बायको आली, जागा पक्की झाली, की हा मुलगा जन्मभर शिळी वर्तमानपत्रं वाचत कुढणार हे नर्मदेला लख्ख दिसत होतं.

आणि मग तो दिवस आला. हरिश्चंद्राने आता किराणाचं दुकानही टाकलं होतं, तिथे पुड्यांना कागद कमी पडले होते. नर्मदा ओटीवर आली तर गुरुदास आपली दिल्लीची पुस्तकं पुढ्यात घेऊन एकेक पान फाडत होता, नीट, शांतपणे, नकाशासुद्धा.

"काय करतंस रे ह्या?"

"दादाक पुडयेक व्हये आसत," तो म्हणाला, "काय तरी उपेग होवदे." आणि हसला.

ते हसणं तिला असह्य झालं! रडला असता तर तिने पोटाशी धरला असता. पण हे हसू पार विझलेल्या माणसाचं होतं. त्या हसण्याने तिचा निश्चय झाला. प्रेमाने सांगून हा उठायचा नाही, आईची शपथ त्याला मोडता यायची नाही, आणि नवऱ्यात आईपुढे बोलण्याची छाती नाही... मग उरलं कोण? शपथ होती ती आपणहून जाण्याची. पण कुणी घरातून हाकललंच तर? हाकललेल्याला कसली आलीय शपथ! फक्त हाकलणारीला आपलं नाव मातीत घालावं लागणार होतं.

दुसऱ्या दिवशी बोट होती. रात्री तिने एकट्या नवऱ्याला बेत सांगून ठेवला, आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे.

दुपारी हरिश्चंद्र घरी आला, सगळं ऐकलं, आणि परसात विहिरीपाशी बायकोला गाठून म्हणाला, "मी आयेक खरा सांगतंय."

"माझ्या गळ्याची आण आसा तुमका," ती म्हणाली. "आयेक कळला तर ती तेका बोलावन घेतली, आणि तो धावत येतलो. रागार आसा तवसर तो टिकतलो. राहूदे तेचो राग."

"आणि तुझा काय?"

"माझा काय... मी हंयच आसंय."

त्या दिवसापासून राधाबाई तिच्याशी सरळ बोलल्या नाहीत. बोलायचंच झालं तर हवेत बोलत, "कोणतरी सांगा तिका, गुरां पाण्यावर न्हेवक होयी." हळदीकुंकवाला बायका कुजबुजत. दर चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी घरोघर आले की नर्मदा माजघराच्या दाराआड उभी राहून कान टवकारी. पहिल्या वर्षी शेजारचा सत्यवान आला आणि म्हणाला, "गुरुदास? हा, मुंबयत आमच्या गावाच्या खोलयेत ऱ्हवता. पेपराच्या हापिसात कागद कापता."

राधाबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "दिल्लीत शिकान माझो झील कागद कापता गो बाये!" आणि हंबरडा फोडला. नर्मदा मात्र झटकन मागीलदारी गेली, पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिली आणि एकाच वेळी हसली, रडली... उठला! माझा बाबू उठला!

पुढे कात्रणं कापता कापता गोव्याचा प्रश्न पेटला. गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगीज कागद वाचणारा माणूस त्या कचेरीत शोधूनही सापडेना. जी भाषा मामाकडची पोरवयातली म्हणून गुरुदासने एकाही अर्जात लिहिली नव्हती, तीच आता कामाला आली! तो परदेशी पानावर गेला, पेपरात त्याचं नाव छापून आलं, तिथून दिल्लीला एका संशोधन संस्थेत, आणि तिथून सरकारी दुभाष्याच्या जागेसाठी मुलाखतीला. या वेळी पडला नाही. ब्राझीलमधल्या भारतीय वकिलातीत त्याची नेमणूक झाली.

"ब्राझील खंय इला?" सगळं मिठबाव विचारू लागलं. मास्तरांनी शाळेतला नकाशा पारावर आणून टांगला तेव्हा कुठे लोकांचं समाधान झालं.

जाण्याआधी गुरुदास घरी आला. राधाबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवत साऱ्या वाडीला जमवलं. नर्मदेने पानं वाढली. तो खाली मान घालून जेवला, "वयनी" म्हणून एकदा तरी हाक मारील, म्हणून ती वाट बघत राहिली... पण त्याने तिच्याकडे नजर वर करून पाहिलं नाही. ती मनाला समजावत राहिली, नसू दे, राग राहिला तर राहिला, माणूस उभा राहिला ना! आणि ती खरकटं काढायला वाकली.

सकाळी सगळे देवीच्या देवळात गेले. समुद्रापार जायचं तर देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला हवं. मानकऱ्यांनी नारळ हातात घेतला, वाडी हात जोडून उभी राहिली आणि नर्मदा आपल्या सवयीने सगळ्यांच्या मागे, खांबाच्या कडेला.

"बा देवी माउली," मानकऱ्यांनी सुरुवात केली, "ह्या तुझा लेकरू सातासमुद्रापार जाता. तेच्या वाटेतला काटाकुटा तू दूर कर गो माये."

"व्हय म्हाराजा," वाडी म्हणाली.

"गेलो तसो सुखरूप घराक घेवन ये गो माये."

"व्हय म्हाराजा."

मानकऱ्यांनी वळून विचारलं, "आणि काय सांगूचा आसा?"

"आसा," गुरुदास म्हणाला. "ता माकाच सांगूक व्हया." आणि तो पुढे झाला. "बा देवी माउली, माझ्या वयनीन माका घराभायर काढल्यान, ता गावान बघितला. मुंबयत कोणी दारातसून परतवलो की मी म्हणय, वयनीक दाखवचा आसा. त्या रागाच्या जिवार मी चलत ऱ्हवलंय. आणि नेमणूक झाली म्हणान कळला तेव्हा सगळ्यात पयली माका तीच आठवली. आयेक न्हय, दादाक न्हय, वयनीक कधी एकदा सांगतंय असा झाला. जिना हाकलल्यान तिकाच कित्याक सांगूचा? तेव्हा माझे डोळे उघडले, माये. काल तिच्याकडे बघूक माका तोंड नाय होता. तिना माका हाकलूक नाय, सोडवल्यान. माझ्यासाठी आपला नाव घालवल्यान. ता आज तुझ्या पायाकडे परत ठेवतंय."

वाडी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. पण गाऱ्हाणं ते गाऱ्हाणं! ते पुरं झालं की होकार द्यावाच लागतो. आधी परशुराम म्हणाला, मग सत्यवान, आणि मग ज्या बायकांनी इतकी वर्षं नर्मदेला नावं ठेवली होती त्या सगळ्या म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

फक्त राधाबाई बोलल्या नाहीत. त्या जोडलेल्या हातांनी देवीकडे बघत राहिल्या. मग हळूहळू मागे वळल्या, गर्दीतून वाट काढत खांबापाशी आल्या आणि सुनेचा हात धरून तिला ओढतच देवीसमोर घेऊन गेल्या.

"माझापण गाराणा आसा," त्या म्हणाल्या. "बा देवी माउली, माका सगळा कधीचाच कळला होता. पेपरात माझ्या झिलाचा नाव छापान इला तेव्हाच कळला. पण एकदा तोंडातसून गेलेला मागे घेवक माझी जीभ वळाक नाय. मी हिका वांझ म्हटलंय. माझ्या झिलाक जलम मी दिलंय, पण माणूस हिना केल्यान. हो झील हिचोच. माझा चुकला ता पोटात घाल गो माये."

"आये, नको..." नर्मदा कशीबशी म्हणाली आणि सासूच्या पायाशी वाकायला गेली, तर राधाबाईंनी तिला वरच्या वर धरली, छातीशी धरली, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "होकार दी गो. गाराणा तुझ्यासाठी घातलंय."

नर्मदेने हात जोडले. ओठ हलले, पण कंठातून शब्द फुटेना... डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि गुरुदास लहानपणीसारखा तिच्या पदराला धरून उभा होता. ती पुन्हा प्रयत्न करून पाहत होती. मग तिच्या वाटणीचं "व्हय म्हाराजा" सगळ्या गावाने मिळून म्हटलं.