आठवीच्या वर्गातला उसासा

"हुरड्याचा गूळ कुणी आणायचा ते आधी ठरवा," सोपान म्हणाला. "सर्जाच्या हाती दिला तर वाटंतच संपंल."

"गूळ आमच्याच गुऱ्हाळातला हाय," सर्जेराव शांतपणे म्हणाला. "आपलाच गूळ खाल्ला तर त्याला चोरी म्हणत न्हाईत."

नाताळची सुट्टी लागली होती. शेरबांधच्या हायस्कुलातली तीन मुले मैदानाच्या कडेला, झेंड्याच्या दगडी ओट्यावर बसून हुरडा पार्टीचा बेत करीत होती. हायस्कूल त्याच वर्षी जूनमध्ये निघालेले. आठवी हा त्याचा पहिला आणि एकुलता एक वर्ग. पाटाच्या बांधकामासाठी कधीकाळी उभारलेल्या एका दगडी गोदामात तो भरत असे. बारामतीचे हायस्कूल लांब, इंदापूरचेही लांब. त्यामुळे आसपासच्या वाड्यांतली मुले सातवीनंतर शिकू शकत होती, ती केवळ या गोदामाच्या जिवावर.

सोपान खो-खोच्या संघाचा कप्तान. सर्जेराव बागायतदाराचा मुलगा. अंगाने थोराड, पण पळण्यात भलताच चपळ. तिसरी रतन. ती मूळची निरवांगीची. शिकण्यासाठी इथे आपल्या आत्याकडे राहत होती. सहामाही परीक्षेत भूमितीत तिचा पहिला क्रमांक आला होता, आणि मैदान आखण्याचे कामही तिच्याकडेच होते. पांढऱ्या फक्कीची तिने ओढलेली रेघ दोरी न लावताही सरळ येत असे.

"रतने, तू काय आणणार?" सोपानने विचारले.

"मी नसणार," रतन म्हणाली. "शनिवारी आबा न्यायला येणार हाईत. ट्रंक भरून ठेव म्हणून निरोप आलाय."

"सुट्टीपुरतंच ना?"

"न्हाय. कायमचं."

कारण विचारण्याची गरज नव्हती. दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्ग भरला, तेव्हापासून त्या गोदामात कोणीतरी उसासे टाकीत होते. रोज नव्हे, अधूनमधून, दिवेलागणीच्या सुमारास. आधी जमिनीखालून एक दबका घोगरा आवाज उठे, मग कोपऱ्यातून गार हवेचा झोत येई आणि अखेरीस एक लांबलचक, दमलेला श्वास साऱ्या खोलीभर पसरे. बऱ्याच वर्षांपूर्वी भिमा नावाचा पाणी सोडणारा पाटकरी चारीचे, म्हणजे पाटाच्या फाट्याचे, दार उघडताना पाण्यात ओढला गेला होता. तोच परत येतो, असे गाव म्हणू लागले. एकामागून एक पालकांनी मुले काढून नेली. पट आणखी घसरला, तर नव्या वर्षी आठवीचा वर्गच राहणार नव्हता.

"आबांना सांग की, भूत काय करत न्हाय, नुसतं दमतंय," सोपान म्हणाला.

"तू सांग. आणि सांगताना दिवेलागणीला वर्गात उभा राहून सांग."

सोपानने विषय बदलला. "चला, फक्कीचा डबा आणू. ऊन हाय तोवर मैदान आखू."

डबा वर्गात होता. तिघे आत गेले तेव्हा ऊन आधीच उतरले होते. खिडक्या लहान आणि उंचावर. खोलीत मातीचा आणि जुन्या चुन्याचा वास कोंडला होता. फळ्यावर सुट्टीआधीचे प्रमेय तसेच राहिले होते. रतनने डबा उचलला आणि तेवढ्यात तिच्या तळपायांना जमीन थरथरल्यासारखी वाटली.

आधी ती घोगरी धुसफूस. मग कोपऱ्यातून गार झोत. फळ्याजवळ टांगलेला नकाशा भिंतीपासून सुटून हलला आणि परत भिंतीवर टेकला. आणि मग तो श्वास आला. लांब, ओला, कोणीतरी खूप खोलवरून चढून यावे आणि उंबऱ्याशी धापा टाकीत बसावे, तसा. तो थांबेना. सर्जेरावाने सोपानचा दंड पकडला. सोपानने तो सोडवून घेतला नाही.

रतनची नजर कोपऱ्यात गेली. फरशीच्या भेगेजवळ केळीच्या पानावर एक भाकरी आणि मिरचीचा ठेचा ठेवलेला होता. भाकरी ताजी होती. पानाची कड त्या श्वासाबरोबर वर उचलली जात होती.

तिघे बाहेर आले ते पळत नव्हे, पण चालतही नव्हे.

"भाकरी," रतन धाप टाकीत म्हणाली. "भाकरी कुणी ठेवली?"

"भूत डबा घिऊन आलं असंल," सोपान म्हणाला. पण त्याच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"ताजी हाय. म्हंजे आज भूत येणार, हे कुणाला तरी आधीच ठावं होतं."

ते कोणाला ठाऊक होते, हे शोधायला लांब जावे लागले नाही. गोदामाच्या मागच्या भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, कान भिंतीला लावलेला. ती कुशाबाई होती. बुडालेल्या भिमाची बायको. मुले तिच्यापुढे उभी राहिली. आतला श्वास मंदावत मंदावत संपला, तेव्हाच तिने डोळे उघडले.

"जेवला," ती म्हणाली.

सर्जेराव मागे सरकला. रतन मात्र खाली बसली.

"कुशाआजी, ते आज येणार हे तुला कसं कळलं?"

"न कळायला काय झालं? चारीला पाणी सोडलं की तो येतो. पाण्यासंगच गेला न्हवं का."

"पाण्याच्या दर पाळीला येतात?"

"दर पाळीला. इतकी वर्सं झाली, चुकला न्हाय." म्हातारीने भिंतीवरून हात फिरवला. "आधी हितं न्हवता येत. त्या तिकडच्या खांबात यायचा. मी तितंच भाकर ठेवायची. तो खांब तुमच्या शाळा समितीच्या मोहनरावांनी पाडला. म्हटलं, आता माझा मानूस कुठं जाईल? दिवाळीनंतर चारीला पाणी आलं, आन् हितं आवाज आला. सापडला बिचाऱ्याला रस्ता."

तिच्या चेहऱ्यावर भीतीची रेघही नव्हती. उलट, घरचे माणूस सुखरूप पोचल्याचे समाधान होते. रतनने म्हातारीला हात देऊन उठवले आणि तिच्या झोपडीपर्यंत सोबत केली.

दुसऱ्या दिवशी उन्हात तिघे पुन्हा झेंड्याच्या ओट्यावर जमले.

"खांब कुठं होता?" रतनने विचारले.

सोपानने आपण बसलो होतो त्या दगडावर थाप मारली. "ह्याच्याखाली. चुन्याचा जुना पोकळ खांब. खो-खोच्या मैदानात मधेच यायचा. शाळा निघाली तेव्हा मोहनरावतात्यांनी तो बुडाशी तोडला, तोंडावर फरशी बसवली आन् वर हा ओटा बांधला. पंधरा ऑगस्टला झेंडा ह्याच्यावरच लागला की."

"पोकळ होता?"

"त्यात कावळे घरटं करायचे."

रतन उठली. तिने डब्यातली फक्की मुठीत घेतली आणि ओट्यापासून चारीच्या दाराच्या दिशेने एक पांढरी रेघ ओढली. मग मागे वळून तीच रेघ उलट्या बाजूला वाढवत नेली. रेघ मैदान ओलांडून गोदामाच्या भिंतीला भिडली. जिथे भिडली, त्याच्या आत तोच कोपरा होता.

"चारीचं पाणी दारातून आत शिरतं आन् गोदामामागच्या ओढ्यापलीकडं निघतं," ती म्हणाली. "मधे कुठं दिसतं का? न्हाय. म्हंजे जमिनीखालून बंद नळ हाय. त्यो ह्या रेघंखालूनच जातो. पाणी नसतं तेव्हा नळात काय असतं?"

"काहीच न्हाय," सर्जेराव म्हणाला.

"हवा असती. शाई भरताना बाटली पाण्यात बुडवून धुतोस, तेव्हा ती गुडगुड करती ना? पाणी आत शिरलं की हवेला बाहेर पडायला वाट लागती. ती वाट म्हंजे खांब होता. आपण तिच्यावर बसलोय. म्हणून ती आता वर्गातल्या भेगेतून निघती."

सोपान झटकन ओट्यावरून उतरला, जणू दगड तापला होता.

"पण मला शंका हाय," सर्जेराव म्हणाला. "हवाच असंल तर काल माझ्या अंगावर काटा का आला?"

"माझ्याबी आला," रतन म्हणाली. "त्याचं उत्तर भूमितीत न्हाय."

शनिवारी दुपारी रतनचे वडील सावळाराम बैलगाडी घेऊन आले. डाळिंबाची बाग असलेला, मोजके बोलणारा हा शेतकरी मुलीवर रागावलेला नव्हता. तो घाबरलेला होता. त्याने ट्रंक गाडीत चढवली.

"आबा, आज चारीला पाणी हाय," रतन म्हणाली. "ते येईस्तोवर थांबा. मग म्हणाल तर मी मुकाट्यानं गाडीत बसंन."

"पोरी, ज्या जागंला मेलेलं मानूस श्वास घेतंय, तितं तुला ठेवून मला झोप लागायची न्हाय."

"श्वास कोण घेतंय तेच दाखवते."

सावळारामाने बैल सोडले नाहीत. पण गाडीही हाकली नाही.

हेडमास्तरांना सोपानने बोलावून आणले होते आणि हेडमास्तरांनी शाळा समितीचे अध्यक्ष मोहनराव यांना. मोहनराव आले ते कपाळाला आठ्या घालूनच. स्नेहसंमेलन संक्रांतीला ठरले होते आणि ज्या कोपऱ्याबद्दल ही चर्चा, त्यावरच रंगमंच उभारायचा होता.

"हा पोरखेळ आहे," ते म्हणाले. "जागेची शांती मी करवून घेतो. नारळ आणलाय."

"नारळ नंतरही फोडता येईल, मोहनराव," हेडमास्तर म्हणाले. "आधी प्रयोग पाहू. रतन, सांग."

रतनने वर्गाच्या कोपऱ्यात फरशीच्या भेगेवर फक्कीची जाड रेघ ओढली. पाटकऱ्याबरोबर सोपान चारीच्या दाराशी उभा होता. त्याच्या गळ्यात सामन्याची शिट्टी होती. मैदानाच्या मधोमध, खुणा पोचवायला सर्जेराव.

"एक शिट्टी म्हणजे दार उघडलं," रतन म्हणाली. "दोन म्हणजे बंद केलं. मी इथून काही करत नाही. तुम्ही फक्त रेघेकडं बघा."

दूरवर एक शिट्टी वाजली. काही घडले नाही. मोहनराव खाकरले. मग जमीन थरथरली, ती घोगरी धुसफूस जवळ आली, आणि पांढरी रेघ जिवंत झाल्यासारखी उठली. फक्कीचा ढग कमरेएवढा वर चढला. त्यातून तो लांब श्वास बाहेर पडला. मोहनरावांच्या हातातला नारळ खाली पडून गडगडत गेला. सावळारामाने मुलीला मागे ओढले.

"आता दोन," रतन म्हणाली. तिने दारातून सर्जेरावाला खूण केली.

सर्जेरावाने हात हलवला. दोन शिट्ट्या वाजल्या. श्वास अडखळला, तुटला आणि थांबला. फक्की हळूहळू खाली बसली.

"पाटकऱ्याच्या हुकमात चालणारं भूत मी प्रथमच पाहतो आहे," हेडमास्तर म्हणाले. भिंतीशी टेकवलेली एक पहार त्यांनी उचलली आणि कोपऱ्यातल्या फरशीवर तिचे टोक आपटले. आवाज पोकळ आला. पुन्हा आपटताच फरशीचा तुकडा आत निसटला. क्षणभराने खाली पाण्यात पडल्याचा आवाज झाला. चुना झिजून नळाच्या दगडांमधल्या दरजा मोकळ्या झाल्या होत्या आणि खालची माती कधीच नळात वाहून गेली होती.

"याच्यावर आपण सगळी मुलं उभी करणार होतो," हेडमास्तर हळूच म्हणाले.

मोहनराव त्या भोकाकडे बघत राहिले. स्नेहसंमेलनाच्या नाटकात त्यांची स्वतःची नात होती. मग त्यांनी पहार घेतली, मैदानात गेले, धोतर खोचले आणि ओट्याच्या फरशीत ती रोवली. सावळारामाने दुसऱ्या बाजूने जोर लावला. फरशी उलटली. खाली काळे, गोल तोंड उघडे पडले.

शिट्टी वाजली. या वेळी वर्गातली फक्की जेमतेम हलली. मैदानात मात्र त्या काळ्या तोंडातून श्वास वर आला. उन्हात, मोकळ्या आकाशाखाली. कोंडलेला नव्हता म्हणून असेल, पण आता तो दमलेला वाटत नव्हता.

शिट्ट्या ऐकून जमलेल्या गर्दीच्या मागून कुशाबाई पुढे आली. रतनला सकाळपासून याच क्षणाची भीती वाटत होती. ती म्हातारीजवळ गेली.

"आजी, ती नुसती हवा हाय गं," ती पुटपुटली. "पाणी तिला ढकलतं."

"व्हय की," कुशाबाई म्हणाली. "दार उघडून पाणी सोडायचं हेच तर त्याचं काम होतं." तिने पदराआडून भाकरी काढली आणि त्या काळ्या तोंडाच्या काठावर ठेवली.

मोहनराव तिच्यासमोर आले. त्यांनी पागोटे काढून हातात घेतले होते. "कुशाबाई, खांब पाडताना तुला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही. होता तसा बांधून देतो." मग ते मुलांकडे वळले. "आणि तुम्हा तिघांना काय म्हणू? मी नारळ फोडून मोकळा झालो असतो. तुम्ही माझ्या नातीचा जीव वाचवलात."

"प्रयोगाची आखणी निर्दोष होती," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी कोणीच कधी ऐकली नव्हती. "मात्र सोपान, शिट्टी अंमळ जास्त लांब वाजवलीस."

"सर, भूत बहिरं असलं तर काय घ्या, म्हणून."

सावळाराम बराच वेळ बैलांजवळ उभा होता. मग त्याने गाडीतली ट्रंक उतरवली आणि खांद्यावर घेतली. "आत्याच्या घरी ठेवतो," तो रतनला म्हणाला. "हुरडा कधी हाय तुमचा? डाळिंबं पाठवून देतो."

हुरडा सर्जेरावाच्या शेतात झाला. गूळ वाटेत थोडा कमी झाला होता. स्नेहसंमेलन गोदामात न होता मैदानात झाले आणि काढून नेलेली मुले एकेक करून परत आली. खांब नव्या चुन्याने पूर्वीसारखा उभा राहिला. रतनने फक्कीने खो-खोचे मैदान त्याच्यापासून दूर, नव्याने आखले.

वार्षिक परीक्षेच्या आधी चारीला शेवटची पाळी आली. त्या संध्याकाळी कुशाबाई तापाने पडून होती. रतन अभ्यास आटोपून मैदानात गेली. बंद नळ, पाणी, हवा, हे सगळे तिला ठाऊक होते. तरी तिने आजीच्या वतीने केळीच्या पानावरची भाकरी खांबाच्या पायाशी ठेवली आणि आतला तो लांब श्वास पुरता संपेपर्यंत तिथून हलली नाही.

मग आजीला सांगायला ती झोपडीकडे धावत गेली, "जेवले."