क्लबरूममधली टर्की गायब!

"टर्की गायब!" रुचिर क्लबरूममधून ओरडला. "फ्रीज रिकामा आहे, लाह!"

हातातल्या झिरमिळ्या टाकून एकता आणि गार्गी धावल्या. बुओना व्हिस्टातल्या त्यांच्या कॉन्डोत, म्हणजे गृहसंकुलात, आज थँक्सगिव्हिंगचं जेवण होतं. शेजारचे डॉसन अंकल पूर्वी अमेरिकी नौदलात आचारी होते. बंदरात आलेल्या जहाजावरचे, घरापासून लांबचे तरुण नौसैनिक संध्याकाळी यायचे होते. सुट्टी लागल्यापासून तिघं अंकलच्या हाताखाली राबत होती.

"अठराशे त्रेसष्टमध्ये आमच्याकडे यादवी युद्ध पेटलं होतं," बटाटे सोलताना अंकलनी सांगितलं होतं. "त्या धुमश्चक्रीतच लिंकननी जाहीर केलं, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार आभार मानायचा! पुढे पद्धतच पडली, सैनिक कुठेही असो, त्या दिवशी त्याला साग्रसंगीत जेवण!"

आणि आता सकाळीच टर्की नाहीशी! कॉन्डोचे चेअरमन शैलेंद्रकाका, म्हणजे गार्गीचे बाबा, तरातरा आले आणि थेट गार्ड सेगरन अंकलवर घसरले.

"किल्ली तुमच्याकडे! टर्कीला काय पाय फुटले? एजन्सीला कळवतो. उद्यापासून तुमचं इथे काम नाही!"

"मी नाही घेतली, सर," सेगरन अंकल कसेबसे म्हणाले.

एकताच्या डोक्यात तिडीक गेली. "काका, न बघता कसं म्हणता?"

"मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस!"

"बोलणार!" एकताने पाय रोवले. "आधी आम्ही शोधतो. तोवर फोन करायचा नाही!"

काकांनी बाहेर काढलेला फोन परत खिशात ठेवला.

तिघांनी फ्रीजमध्ये डोकी घातली. आत लख्ख! कापराचा वास, कोपऱ्यात पिवळे ठिपके.

"चोरी करून फ्रीज पुसून गेला?" रुचिर म्हणाला. "भलताच टापटिपीचा चोर!"

एकताने ठिपक्यावर बोट फिरवलं. "हळद आहे ही."

गार्गीचा चेहराच उतरला. "आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईचं महालक्ष्मीचं व्रत. आमचा फ्रीज भरला, म्हणून नैवेद्याची बासुंदी ती इथे ठेवणार होती. आणि चेअरमनकडेही किल्ली असते. चला. मीच विचारते."

वर घरी गार्गीची आई, उल्काकाकू, कलशाला गजरा बांधत होत्या. गार्गीने सरळच विचारलं. काकूंच्या हातून गजरा सुटला.

"अगं, बासुंदीशेजारी ते धूड कसं ठेवायचं? भरपूर बर्फ घालून बार्बेक्यूजवळच्या शीतपेटीत ठेवलं आणि फ्रीज धुतला. बासुंदी अजून आटतेय, म्हणून ती वरच आहे. डॉसनना सांगणारच होते गं! पण ह्यांनी खाली आरडाओरडा केला आणि माझी जीभच रेटेना."

"काकू, तुम्ही गप्प बसलात तर सेगरन अंकलची नोकरी जाईल!" एकता तडकली. "त्यांच्या घरी काय सांगायचं त्यांनी?"

काकूंनी पदर खोचला, खाली आल्या आणि सगळ्यांसमोर कबूल केलं. बर्फात गारठलेली टर्की सापडली. डॉसन अंकलनी लगेच ओव्हन पेटवला.

"बरं, मिटलं तर मग," शैलेंद्रकाका पुटपुटत निघाले.

एकता दारात आडवी उभी राहिली. "नाही मिटलं! चोर सगळ्यांसमोर म्हणालात, माफीही सगळ्यांसमोर मागा!"

"बरोबर!" गार्गी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. स्वतःच्या बाबांसमोर!

डॉसन अंकलनी खुंटीवरचा एप्रन काढला. "आमच्या सैन्यात आजच्या दिवशी एक रीत असते, चेअरमनसाहेब. अधिकारी वाढतात, हाताखालचे जेवतात."

"पण आज गुरुवार..."

"उपास माझा आहे, तुमचा नाही!" काकू कडाडल्या. "रविवारी चिकन चापताना बरं चालतं!"

रुचिर फिस्सकन हसला. काकांनी मुकाट्याने एप्रन बांधला.

संध्याकाळी गेट रुचिरच्या बाबांनी सांभाळलं आणि सेगरन अंकल नौसैनिकांच्या पंगतीत बसले. काका त्यांच्यासमोर थांबले.

"माझं चुकलं, सेगरन," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी तुम्हाला उगाच चोर म्हटलं." मग त्यांनी टर्की वाढली.

"ही पोरगी माझ्या जहाजावर असती, तर कॅप्टनसुद्धा टरकला असता!" डॉसन अंकलनी एकताची पाठ थोपटली. नौसैनिकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

सेगरन अंकल सावकाश, चवीनं जेवले. मग ताट पुढे सरकवून ऐटीत म्हणाले, "थोडं अजून, सर!"

काकांनी निमूटपणे वाढलं.