कोणाला कळू द्यायचं?

ताई तापाने फणफणली होती, म्हणून तिच्या जागी मी गेले, एवढंच. आसपासचे कार्यक्रम शोधून देणाऱ्या एका अ‍ॅपची चाचणी होती; ते अ‍ॅप मीही वापरायचे. समोर अ‍ॅप बनवणारा बसला होता... बाह्या दुमडलेल्या, चेहरा परीक्षकासारखा गंभीर.

"मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा," तो म्हणाला. "मी मदत करणार नाही. रेकॉर्डिंग चालू आहे, चालेल ना?"

"अगदी मनात येईल ते?"

"अगदी."

"मग... तुमच्या शर्टाचं एक बटण चुकलंय."

त्याचे कान लाल झाले. हसू मात्र त्याने महत्प्रयासाने आवरलं.

आवडीचा कार्यक्रम निवडून 'मी येतेय' दाबायचं होतं. शनिवारचं नाटकवाचन दिसलं आणि माझं बोट थबकलं.

"का थांबलात?"

"इथे मी दर शनिवारी जायचे," मी म्हणाले. "मग माझं ठरलेलं लग्न मी मोडलं. तेव्हापासून तो मुलगा दर शनिवारी तिथे दारात हजर. मी 'येतेय' म्हटलं की तुमचं अ‍ॅप ओळखीच्या सगळ्यांना कळवतं ना... शेवटी मी जाणंच सोडलं. पण मला जायचंय हो." "हे बंद कुठे करायचं?"

मी शोध शोध शोधलं, तेव्हा कुठे तळाशी ते बंद करायची एक फिकट, बारीक ओळ सापडली.

"मी डोळे तपासते," मी म्हणाले. "इतकी बारीक अक्षरं मी पेशंटना सगळ्यात शेवटी दाखवते."

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. "ती ओळ तिथे मी ठेवली. चुकलंच माझं. हे सगळं आता आमची टीम बघेल... पुसू?"

"लग्नाचं तेवढं पुसा. माझी शोधाशोध बघू दे त्यांना."

त्याने तेवढाच भाग माझ्यासमोर काढून टाकला. मला एकदम हलकं वाटलं. निघताना त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं गेलं, आणि ते त्यालाही कळलं.

पुढच्या महिन्यात अ‍ॅप बदललं. 'मी येतेय' दाबताच ठळक प्रश्न आला: कोणाला कळू द्यायचं? उत्तर आधीच निवडलेलं होतं: कोणालाच नाही. शनिवारी मी गेले. दारात कोणी नव्हतं. त्या दिवशी मी मनसोक्त वाचलं.

पण त्या अ‍ॅपवाल्याचा एक फोन नाही! सोमवारी तणतणत त्याच्या ऑफिसात गेले आणि रिसेप्शनवर निरोप ठेवला, वाटलं तर खाली या. तो जिना जवळजवळ उड्या मारतच उतरला.

"माझा नंबर होता ना तुमच्याकडे? चाचणीच्या वेळी दिलेला?"

"कंपनीला दिला होता," तो हळूच म्हणाला. "मला नाही."

माझा राग कुठच्या कुठे पळाला. मी त्याचा फोन मागून घेतला, नंबर टाकला आणि परत दिला. "हा तुम्हाला."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. माझ्या पर्समध्ये रिंग वाजली.

"बोला," मी फोन कानाला लावून म्हणाले.

"तुम्ही मला फार आवडता," तो समोर उभा राहून फोनमध्ये म्हणाला. "शनिवारी... तुमच्याबरोबर आलो तर चालेल?"

"चालेल," मी म्हणाले, आणि फोन ठेवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.