फ्यूज पेपरला आला होता

आधीच सांगतो, माझे भाऊजी थापा मारणाऱ्यातले नाहीत. साधं आजारपणाचं खोटं कारण सांगून सुट्टी घ्यायची म्हटलं तरी त्यांना घाम फुटतो. त्यामुळे त्यांनी हे सगळं सांगितलं तेव्हा मी हसलो नाही. तुम्हीही लगेच हसू नका.

आणि रात्रीबित्रीची वाट बघू नका. हे भर दुपारी घडलं. रविवारी, लख्ख उन्हात, पशुखाद्याच्या कारखान्यात.

भाऊजी तिथे इलेक्ट्रिशियन. दिवसभर नोकरी आणि संध्याकाळी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या डिग्रीचे वर्ग. सात वर्षं हेच चाललं होतं. सोबतीला एक मित्र, त्याच कारखान्यातला आणि त्याच वर्गातला. वर्गात बसल्या बसल्या त्याचा डोळा लागायचा, म्हणून सगळे त्याला फ्यूज म्हणायचे. सर विचारायचे, "काय रे, उडाला का फ्यूज?" आणि हा झोपेतच म्हणायचा, "येस सर."

दोघांचा एकच पेपर राहिला होता. फ्यूज त्यात तीनदा आपटला होता. ही त्याची शेवटची संधी. यावेळी राहिला की नाव कमी आणि सात वर्षांवर पाणी.

"जगबुडी झाली तरी या पेपरला मी बसणार," तो आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता.

पेपर रविवारी दुपारी होता. आणि नेमकं त्याच सकाळी मिक्सरचं काम निघालं, आतली दुरुस्ती आणि नवा पट्टा.

मिक्सर म्हणजे खोलीएवढं लोखंडी पिंप. आत माणसाच्या उंचीची पाती. दुरुस्तीसाठी त्यात उतरावं लागतं, आणि उतरायचं तर एक नियम. मेन स्विच खाली करायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने त्याला स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली स्वतःच्या खिशात. बाहेर आल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एक जरी कुलूप लटकत असलं तरी स्विच वर होत नाही.

कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे. इतकं सरळ.

काम वेळेत आटपलं. एकेक जण भुवयांपर्यंत पिठाने माखून बाहेर आला, आपापलं कुलूप काढून हातपाय धुवायला गेला. फोरमन काचेच्या केबिनमधून ओरडला, "चालू करून बघा एकदा आणि पळा पेपरला."

भाऊजी स्विचपाशी आले.

एक कुलूप तसंच होतं...

पिवळ्या रंगाचं. फ्यूजचं.

भाऊजींनी मिक्सरकडे बघून हाक मारली. "फ्यूज, अरे नीघ आता. उशीर होतोय."



पुन्हा हाक मारली. आतून नुसता स्वतःचाच आवाज परत आला.

"मी इकडे आहे."

भाऊजी दचकलेच. फ्यूज त्यांच्या मागे उभा होता. अगदी जवळ.

"तू कधी आलास बाहेर?"

त्याच्या अंगावर पिठाचा कणही नव्हता. शर्ट स्वच्छ, केस विंचरलेले. भाऊजींना वाटलं, गडी पेपरसाठी आंघोळ करून तयार झाला. त्याने पुढे होऊन कुलपावर हात ठेवला. खट् करून आवाज आला आणि कुलूप निघालं.

"चालू कर," तो म्हणाला.

भाऊजींनी स्विच वर केला. बटण दाबलं.

मिक्सर फिरला...

धप्.

मग पुन्हा... धप्.

"ऐकलंस?" भाऊजींनी विचारलं.

"पट्टा नवीन आहे," फ्यूज म्हणाला. "बसेल."

तिसऱ्यांदा आवाज आला नाही. भाऊजींनी मिक्सर बंद केला. पेपरचं टेन्शन डोक्यावर होतं, आणि समोर धडधाकट उभा असलेला माणूस आत आहे का, असं कोण बघायला जातं?

"तू हो पुढे," फ्यूज म्हणाला. "मी घरून कॅल्क्युलेटर घेऊन येतो."

परीक्षेच्या हॉलमध्ये तो दोन बाक पुढे बसला होता. भाऊजींनी त्याची पाठ ओळखली. तीन तास त्याने मान वर केली नाही. झोपला तर नाहीच. भाऊजींना मनातून बरं वाटलं. म्हटलं, यावेळी जमवतोय पठ्ठ्या.

एकच गोष्ट खटकली. मधेच लाइट गेली, पंखे थांबले, सगळा हॉल कुरकुरला. मग शांततेत सगळ्यांच्या पेनांची खरखर ऐकू येत होती. फ्यूजचा हात भराभर चालला होता... आणि त्याच्या बाकाकडून काहीच आवाज येत नव्हता.

पेपर गोळा झाले. भाऊजींनी मान वर केली तर बाक रिकामा.

"मॅडम, इथला मुलगा गेला का?"

पर्यवेक्षक बाई होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तिथे कोणीच नव्हतं. गैरहजर आहे तो नंबर."

भाऊजींनी बाहेर येऊन फोन सुरू केला. फोरमनचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. त्यांनी लावला. पलीकडे फोरमन रडत होता. म्हातारा माणूस, कधी कोणासमोर डोळे न पुसलेला.

फ्यूज मिक्सरमध्ये सापडला होता.

पान्हा आत विसरला म्हणून तो परत उतरला होता. एकाने त्याला उतरताना पाहिलं होतं. बाहेर येताना कोणी पाहिलं नाही. डोक्याला मार होता. आधी घसरून पडून गेला, की मिक्सर फिरला तेव्हा जिवंत होता... ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

कुलूप स्विचपाशी जमिनीवर पडलं होतं, उघडं. त्याला एकच किल्ली होती. ती त्याच्या खिशात निघाली. आतल्या फ्यूजच्या.

"स्विचपाशी तू एकटाच होतास रे," फोरमन नंतर म्हणाला. "बडबडत होतास. मला वाटलं पेपरचं पाठ करतोयस."

चौकशी झाली. कुलूप नव्हतं म्हणून स्विच वर केला, त्यात भाऊजींचा दोष नाही, असं ठरलं. पण माझी बहीण सांगते, अजून घरातला दिवा लावायला ते तिला हाक मारतात.

काही दिवसांनी फ्यूजची बायको आली.

"भाऊजी, एक विचारू? मला वेडी म्हणू नका," ती म्हणाली. "त्या दुपारी ते घरी आले होते. मी जेवायला वाढलं. पोटभर जेवले. कॅल्क्युलेटर घेऊन गेले. मिक्सर सुरू झाला, त्याच्यानंतरची गोष्ट आहे ही. मग मी जेवायला वाढलं कोणाला?"

भाऊजींनी सांगितलं. सगळं सांगितलं.

"म्हणजे पेपरला बसले होते?"

"हो, वहिनी."

"लिहीत होते?"

"तीन तास. मानसुद्धा वर केली नाही."

तिने पदराने तोंड पुसलं. थोडी हसलीसुद्धा, आणि तेच भाऊजींना सहन झालं नाही.

"मग यावेळी पेपर सुटला असेल हो," ती म्हणाली.

निकाल अजून लागायचा आहे. ती रोज फोन करून विचारते, लागला का म्हणून. भाऊजींना स्वतःच्या निकालाचं काही पडलेलं नाही. फ्यूजच्या नंबरापुढे गैरहजर असं आलं, तर तिला काय सांगायचं ते त्यांना कळत नाही.

आणि पास असं आलं तर...

त्याच्यापुढे ते बोलतच नाहीत. मीही विचारत नाही.