धुरापासून लांबची केबिन

"सिगरेट ओढायची जागा नेमकी कुठे आहे?"

हा प्रश्न मी विचारणार होते. आठवडाभर घोकत होते. पण माझ्या तोंडून निघायच्या आत शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने तो विचारून टाकला.

मी वळून बघितलं. उंच, थोडा वाकून बसलेला, आणि चष्मा एका बाजूला कललेला. कललेला चष्मा मला सहन होत नाही. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघणं हाच माझा धंदा, त्यामुळे कुणाच्या नजरेला नजर द्यायला मी लाजत नाही. म्हणजे... तोपर्यंत तरी लाजत नव्हते.

क्रूझच्या बुकिंग ऑफिसातल्या बाईंनी जहाजाच्या नकाशावर पेन्सिल टेकवली. "ही इथे. मागच्या टोकाला, वरच्या डेकवर. आणि तुमची केबिन ही, पुढच्या टोकाला."

"लांब आहे," तो म्हणाला.

"बरीच लांब."

मला त्याची कीव आली. बिचारा! एकेका सिगरेटसाठी अख्खं जहाज तुडवत जाणार.

मग माझी पाळी आली. बाल्कनीवाली, दोन बेडची एकच केबिन शिल्लक होती. बाईंनी ती दाखवली, आणि मी नकाशाचे दोन्ही कागद उचलून खिडकीशी नेले. एकावर एक ठेवून उजेडात धरले. भिंगं तपासताना आम्ही असंच करतो. केबिनच्या डोक्यावर काय आहे ते एका कागदावरून कळत नाही, दोन्ही धरले की लगेच दिसतं. ती केबिन सिगरेटच्या कोपऱ्याच्या बरोब्बर खाली होती.

"अहो, धूर वर जातो," बाई म्हणाल्या.

"वारा असला की वाटेल तिकडे जातो. बाल्कनीत उतरेल तो. बाबांना नाही हो चालणार..."

आणि मग मी सगळंच बोलून बसले. बाबा सुतार. लाकडाचा भुसा जन्मभर छातीत साठवला, आता दोन जिने चढले तरी थांबावं लागतं. कधी काही मागितलं नाही त्यांनी. एकदाच म्हणाले होते, चहूबाजूंनी पाणीच पाणी, कुठेही काठ दिसत नाही, असं एकदा बघायचंय. डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, समुद्राची हवा चांगलीच, पण धुराच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही. आईला झोपाळ्यावर बसलं तरी गरगरतं, म्हणून ती घरी राहणार. पुढच्या वर्षावर ढकलावं, तर बाबांच्या छातीचं पुढचं वर्ष कसं असेल ते कुणी सांगावं? इथे माझा आवाज चिरकला. सगळं ऑफिस माझ्याकडे बघायला लागलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझी केबिन यांना द्या," शेजारचा म्हणाला. "यांची मी घेतो."

"अहो, नको... तुम्ही कशाला—"

"तिलाही बाल्कनी आहे, आणि मी एकटाच आहे तिथे. दोन बेडवर एकटा लोळणार होतो. मावशी बरोबर आहे, पण ती घोरते, म्हणून तिची केबिन वेगळी. आतल्या बाजूची, बिनखिडकीची. तिला पाणी बघायची भीती वाटते."

"मग त्या क्रूझवर कशाला येतायत?"

"जेवायला," तो गंभीरपणे म्हणाला. "आणि पत्ते खेळायला."

मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी होतंच, त्यात हसू, म्हणजे माझा अवतार काय झाला असेल! "पण तुम्हाला चालेल ना तिथे? खरंच?"

त्याने नकाशातल्या त्या कोपऱ्याकडे एकदा बघितलं. "माझ्या नाकाला सवय आहे."

आलं लक्षात, मी मनात म्हटलं. उलट सोयच झाली की याची. तरी उपकार ते उपकारच, नुसतं 'थँक्यू' म्हणून भागणार नव्हतं. "निदान चष्मा तरी द्या, सरळ करून देते."

त्याने निमूटपणे काढून दिला. मी काडी जरा वाकवली, बोटाच्या उबेने कानामागचा बाक बसवला आणि स्वतःच्या हाताने त्याच्या चेहऱ्यावर चढवला. हे मी दिवसातून कितीदा तरी करते. पण त्याच्या कानाला माझं बोट लागलं, आणि त्याने थेट माझ्याकडे बघितलं... आणि मी, चष्मेवाली, नकाशात बघायला लागले.

"आता कशी दिसते?" मी विचारलं. "म्हणजे... पेन्सिल. बाईंच्या हातातली."

"स्वच्छ," तो म्हणाला. पेन्सिलीकडे त्याचं लक्षच नव्हतं.

जहाज सुटलं त्या दुपारी बाबा केबिनमध्ये शिरले ते आधी दार ठोकून बघायला लागले, लाकूड कोणतं आहे म्हणून. मग बाल्कनीत गेले. संध्याकाळपर्यंत काठ दिसेनासा झाला. बाबा कठड्याला धरून उभे होते. त्यांनी श्वास घेतला, सोडला, परत घेतला. मी मागे खोकल्याची वाट बघत उभी. खोकला आलाच नाही.

"काय गं," ते म्हणाले, "हवेला पण चव असते की!"

मी आत येऊन उशीत तोंड खुपसून रडले. सुखाने रडले. आणि डोळे पुसून झाल्यावर पहिली आठवण झाली ती त्या कललेल्या चष्म्याची. या माणसामुळे माझे बाबा बाल्कनीत उभे आहेत. त्याला काहीतरी द्यायलाच हवं.

जहाजावरच्या दुकानात मी बराच वेळ घोटाळले. शेवटी घेतला एक पितळी लायटर. जड, गुळगुळीत, देखणा.

जेवणाच्या हॉलमध्ये तो भेटला. मावशीही भेटल्या. गोल चेहरा, मोठा आवाज, आणि ताटात तिसऱ्यांदा वाढून घेतलेला पुडिंगचा डोंगर. त्या पत्ते खेळायला उठून गेल्या तेव्हा मी लायटर पुढे केला.

"तुमच्यासाठी. बाबा आज... अहो, ते खोकले नाहीत आज. म्हणून."

त्याने लायटर हातात घेतला. चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला असं वाटलं, पण तिथला प्रकाशही पिवळाच होता. "तुम्ही... फारच... किती विचार करून आणलाय," तो म्हणाला.

"आवडला?"

"असा लायटर मला कुणीच दिला नव्हता." आणि त्याने तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला, अगदी जपून. मी हवेत तरंगत केबिनमध्ये गेले. तो लिफ्ट दुरुस्त करतो, आणि वरच्या-खालच्या मजल्यांमध्ये अडकलेल्या माणसांना गोष्टी सांगून शांत ठेवतो, एवढं कळलं होतं. अजून बरंच कळून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाज पहिल्या बंदराला लागलं. उतरायच्या दाराशी, फुगलेल्या बॅगेवर, मावशी बसल्या होत्या.

"मावशी? बॅग घेऊन कुठे?"

"घरी!" त्या कडाडल्या, आणि लगेच त्यांचे ओठ थरथरले. "काय सांगू गं तुला. अंगाखांद्यावर वाढवलंय मी त्याला. सिगरेटी ओढून काळा धूर झाला होता नुसता. किती वर्षं मागे लागला होता, मावशी, क्रूझवर चल, तुझी हौस करतो. मी म्हटलं, सिगरेट सोड, मग येते. आणि एक जरी ओढलीस तर पहिल्या बंदरावर उतरेन, तुझ्याबरोबर कुठे म्हणून जाणार नाही. सुटली होती गं! धुराजवळ जायला नको म्हणून पार टोकाची केबिन मागायला गेला होता. ती काही मिळाली नाही म्हणे. आणि आज त्याच्या कोटाला बटण लावायला घेतलं, तर हे!"

त्यांनी मूठ उघडली. पितळी, जड, गुळगुळीत, देखणा.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात. इथे तर जमीनही नव्हती.

"त्यांनी... काय सांगितलं?"

"मी ओढली नाही, एवढंच. मग हा कुणी दिला म्हटलं, तर मान खाली. तोंड उघडेल तर शपथ!"

एक शब्द बोलला असता तर सुटला असता. माझं नाव सांगून मोकळा झाला असता. मी धप्पकन मावशींच्या शेजारी बॅगेवरच बसले.

"मावशी, लायटर मी दिला."

"तू?"

"आभार मानायला."

मग मी सगळं सांगितलं. ऑफिस, नकाशा, बाबा, केबिन. मावशींचा राग हळूहळू उतरत गेला आणि डोळे मोठे होत गेले. "म्हणजे... तो त्या सिगरेटवाल्यांच्या बुडाशी झोपतोय? खिशात लायटर घेऊन? आणि तरी ओढली नाही?"

"नाही."

मावशी आधी रडल्या. मग अशा हसायला लागल्या की बॅग आमच्या दोघींखाली गदगदा हलली. "आभार मानायला लायटर! अगं, तुम्ही दोघं म्हणजे..." त्यांनी लायटर समोरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला, बॅग माझ्या हातात दिली आणि नाश्त्याला काय आहे ते बघायला निघाल्या.

मी त्याच्या केबिनचं अर्धवट उघडं दार वाजवलं. आत बाल्कनीच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबलेला. तरी वास यायचा तो येतच होता. टेबलावर लवंगांची डबी, अर्धी रिकामी. मला बघून तो उठून उभा राहिला.

"मावशी उतरली?"

"नाश्ता करतायत. मी सांगितलं त्यांना." मी बॅग खाली ठेवली. "तुम्ही का नाही सांगितलंत? तेव्हाच, ऑफिसात?"

"सांगितलं असतं तर केबिन घेतली असतीत?"

"कधीच नाही."

"मग?" तो म्हणाला. फक्त एवढंच.

"आणि तो लायटर? तो तरी नाही म्हणायचा!"

"तुम्ही इतक्या... इतक्या खुशीत होतात. मला तो चेहरा उतरलेला बघायचा नव्हता."

आता माझं काय चुकलं आणि काय नाही, ते त्या धुरात मला कळेनासं झालं. "आपण केबिन बदलू परत. आत्ता."

"अजिबात नाही. बाबांना पाणी बघू दे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काल मात्र फार जड गेलं. खोटं नाही सांगत. संध्याकाळी ते सगळे वर जमतात ना, तेव्हा भिंतीला डोकं लावून बसलो होतो."

हे बाबांना सांगितलं तेव्हा ते चांगलेच भडकले. माझ्यावर. "लायटर देतेस? उद्या मला भुशाचं पोतं देशील! बोलाव त्याला. रोज संध्याकाळी इथे बसायचं म्हणावं, ते वरचे लोक जेवायला जाईपर्यंत."

तसा तो यायला लागला. बाबा आणि तो दारांच्या बिजागऱ्यांवर तासन्तास बोलत. बाबांना इतकं बोलताना मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. आणि मध्येच श्वास घ्यायला थांबले की तो वाक्य पूर्ण करायची घाई करायचा नाही. समुद्राकडे बघत थांबायचा. तेवढ्यासाठीसुद्धा मी त्याच्या प्रेमात पडले असते.

एका संध्याकाळी भुरभुर पाऊस आला. बाबा आत गेले. गेले म्हणजे, आम्हाला ऐकू जाईल असं दार लावून गेले. आम्ही दोघं बाल्कनीत उभे. त्याच्या काचांवर थेंब साचत होते.

"पुसून देऊ?"

"नको. तुम्ही पुसायला लागलात की मला काही सुचत नाही."

"सुचण्यासारखं काय आहे?"

"आहे..." तो कठड्यावरचे थेंब बोटाने ढकलत राहिला. "काल दिवसभरात मला सिगरेटची आठवणच आली नाही."

"मग कुणाची आली?"

"बाबांची," तो म्हणाला. "बिजागऱ्यांची."

"एवढंच?"

"आणि एका बाईची. आभार मानायची फार वाईट पद्धत आहे तिची."

"शिकव मग तूच," मी म्हणाले. तोंडून 'तू' निघून गेलं होतं आणि ते परत घ्यायची मला इच्छा नव्हती. तो हसला. कोपर माझ्या कोपराला लागलं आणि तिथेच राहिलं. पाऊस बराच वेळ पडत होता, आम्हीही बराच वेळ भिजलो.

शेवटच्या सकाळी सगळे सामान घेऊन उतरलो. फाटकाबाहेर उतारूंची गर्दी, आणि जो तो सिगरेट पेटवून उभा. धुराचा पडदाच झाला होता. गाड्या त्याच्या पलीकडे होत्या.

तो थांबला. माझ्याही आधी बाबांकडे बघितलं त्याने, मग त्या गर्दीकडे. "दुसरीकडून वाट नाही," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "बाबांना त्रास होईल. आणि मी... माझा भरवसा नाही गं. जहाजावर तुम्ही होतात. उद्या मी एकटा असेन, लिफ्टच्या अंधारात, आणि खाली सिगरेटचं दुकान असेल."

मावशी त्याच्या जवळ सरकल्या.

त्याची बोटं चाळवत होती. मी बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो हात धरला. घट्ट. "एकटा का असशील?" मी म्हणाले. "मी आहे की. उद्या पण, परवा पण. मला तू हवायस. आभारबिभार काही नाही, नुसताच हवायस."

त्याने माझा हात असा आवळला की माझी बोटं दुखली.

बाबांनी नाकाला रुमाल लावला, मावशींनी पदर लावला. आम्ही चौघांनी छाती भरून श्वास घेतला, रोखला आणि त्या धुरातून झपाझप चालत सुटलो. पलीकडे पोचल्यावर चौघांनीही एकदम सोडला. बाबा गुडघ्यांवर हात टेकून वाकले, पण खोकले नाहीत. मान वर करून त्यांनी आमच्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आईला फोन लाव," ते म्हणाले. "म्हणावं, जेवायला दोन पानं जास्त मांड."